कसे काय वाटले?

नाटक सुटल्यावर, चित्रपट संपल्यावर, किंवा मालिकेचा रोजचा भाग आटोपून जाहिराती सुरू झाल्यावर आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘कसे काय वाटले?’ विचारणाऱ्यास उत्तराची फारशी निकड नसते, आणि उत्तर देणाराही ते विचारपूर्वक देतो असे नाही. ‘गाणी बरी होती’, ‘शेवट ओढूनताणून आणला’, ‘त्या सासूचे काम मात्र झकास’, अशी चारदोन वाक्ये होतात. तेवढ्यात पाने मांडल्याची हाक येते व विषय तेथेच राहतो. अशा सहज मतांना रसिक म्हणविणारे लोक हसतात. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. एकत्र कुटुंबात दिवसभर जे काही बोलले जाते, त्यात कान देऊन ऐकण्याजोगे बोलणे बहुधा हेच असते.

याचे कारण साधे आहे. दहापंधरा माणसे एका छपराखाली सुखाने नांदावयाची म्हणजे पुष्कळ गोष्टी ओठांआड ठेवाव्या लागतात. सासऱ्यांचे वागणे चुकते असे सून म्हणू शकत नाही. दिराने केलेला व्यवहार पटला नाही असे भावजय बोलून दाखवीत नाही. परंतु रंगभूमीवरचा सासरा, पडद्यावरचा दीर यांविषयी बोलण्यास कोणाचीच आडकाठी नसते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण सासूच्या शहाणपणाची म्हणून प्रसिद्ध आहे. नाटकाने तेच शस्त्र सुनेच्या हाती दिले. ती बोलते नाटकातील पात्रास. लागावयाचे असते ते घरास. आता घराला ते लागत नाही, हा दोष बोलणारीचा नव्हे.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने मुलगी पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यास देऊ पाहणारा कांचनभट त्या काळी गावोगाव होता, आणि पुढच्या रांगेत बसून नाटकही पाहत होता. त्याच्या तोंडावर त्याला कोण बोलणार? पण नाटक पाहून आलेल्या बायकामाणसांना ‘तो कांचनभट मेला’ एवढे म्हणण्याची मुभा मिळाली, आणि एखाद्या गृहस्थास त्या नावाने हाक बसली की त्याचा अर्थ सांगावा लागेना. पुढे 1929 साली बालविवाहास आळा घालणारा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरले. तो कायदा अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावाने ओळखला गेला. परंतु आपल्याकडे ‘शारदा कायदा’ हेच नाव रूढ झाले, आणि देवलांच्या नायिकेवरूनच ते पडले असावे असे मानणारी माणसे आजही भेटतात. समजूत चुकीची खरी, पण ती उगाच झालेली नाही.

मात्र संगीत नाटकात पळवाटही मोठी होती. ‘एकच प्याला’ हे राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, 1919 साली, रंगभूमीवर आले. त्यातील सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. नवरा व्यसनापायी घरदार धुळीस मिळवतो. भाऊ पद्माकर सिंधूला माहेरी न्यावयास येतो. पण ती जात नाही. फाटक्या लुगड्यात दळण दळते व शेवटी त्याच नवऱ्याच्या हातून मरणाच्या दारी जाते. असे दुःख समोर चालले असता प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’चा पुकारा होई, आणि त्या मुलखावेगळ्या गळ्यातून तेच दुःख पुन्हा गायिले जाई. लोक घरी येत ते पहाटे, तृप्त होऊन. ‘कसे काय वाटले?’ म्हणून विचारले तर उत्तर तयार असे : ‘काय ते गाणे!’ सिंधूने माहेरी जावयास हवे होते की नको, हा प्रश्न सुरांखाली बुडून जाई. निदान पुरुषांच्या बाजूस तरी जाई. बायकांच्या बाजूस काय बोलले गेले, ते कोणी लिहून ठेवले नाही.

ही पळवाट प्रभातच्या ‘कुंकू’ने 1937 साली बंद केली. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी घेतलेल्या या बोलपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, पावलांचे व भांड्यांचे आवाज, एवढ्यावरच प्रसंग उभे राहतात. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही असे स्वच्छ सांगते. शांता आपट्यांची ती नीरा आज पाहिली तरी अंगावर काटा येतो. विशेष हे की, खुद्द काकासाहेबांची मुलगी बापाची बाजू न घेता त्या कोवळ्या सावत्र आईची बाजू घेते. असे चित्र पाहून घरी गेल्यावर ‘गाणी बरी होती’ एवढ्यावर सुटका कशी व्हावी? नीरेचे बरोबर की चूक, याचे उत्तर देणे भाग होते. आणि ते देताना प्रत्येकजण थोडेफार आपल्या घराविषयीच बोलत होता.

मुंबईस दूरदर्शनचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढे हळूहळू नाटकगृहच माजघरात येऊन बसले. 1999 पासून मराठीच्या खाजगी वाहिन्या आल्या. सासू आणि सून ही त्यांची मुख्य पेठ ठरली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 ते 2013 पर्यंत चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांचा हिशेब काही जुळला नाही. या मालिकांत नायिका निजतानाही दागिने उतरवीत नाही व दारावरची घंटा वाजली की तीनदा तेच चेहरे दाखवितात, हे सारे खरे आहे. त्यांचा कोणी उपहास केला तर आम्ही आड येणार नाही. पण उपहास करून उठून जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, मागे बसून राहिलेली माणसे काय बोलतात ते त्याच्या कानी पडत नाही.

2019 च्या डिसेंबरात सुरू होऊन 2024 पर्यंत चाललेल्या ‘आई कुठे काय करते’ या मालिकेचे उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षे संसारात राबलेल्या अरुंधतीला नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण कळते, ती त्याच्यापासून कायद्याने वेगळी होते, पुढे दुसरे लग्नही करते. आणि या वाटेवर तिचा सासरा तिच्या पाठीशी उभा राहतो. घटस्फोटाचा प्रसंग आला तेव्हा आमच्या घरी तीन पिढ्या समोर बसल्या होत्या. काका म्हणाले, ‘मुले हाताशी आली, आता कशास हे?’ चिरंजीव म्हणाले, ‘भाग लांबवण्याची युक्ती.’ धाकट्या वहिनी म्हणाल्या, ‘तिने आधी बँकेत स्वतःचे खाते काढायला हवे होते.’ आमच्या आत्याबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. तरुणपणी एकदा त्या सासर सोडून आल्या असता, ‘एकच प्याला’ची नांदीपासून पदे पाठ असलेल्या आमच्या आजोबांनी त्यांना सिंधूचा दाखला देऊन दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत पाठविले होते, हे घरात सर्वांस ऐकून ठाऊक होते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘सिंधूला न्यायला भाऊ तरी आला होता.’

त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या वहिनी तांदूळ निवडण्याच्या निमित्ताने त्यांच्यापाशी जाऊन बसल्या व संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. साठ वर्षांत जे कोणी विचारले नव्हते, ते एका मालिकेच्या आडोशाने विचारले गेले. त्या मालिकेची कलादृष्ट्या किंमत काय, हे जाणत्यांनी ठरवावे. आमच्या घरापुरती ती ठरून गेली आहे.

आणखी एक गोष्ट. नाटकगृहातील ‘वन्स मोअर’ बंद झाले असे समजू नये. 2015 पासून ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे आकडे काढते, आणि त्या आकड्यांवर मालिकेचे आयुष्य ठरते. नायिकेला गांजलेले आपण जितके दिवस पाहू, तितके दिवस ती गांजली जाणार. तोंडाने ‘किती हा छळ!’ म्हणावयाचे आणि डोळ्यांनी ‘पुन्हा एकवार’ म्हणावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. यंत्र तोंडचे मत मोजत नाही. ते मोजण्याचे काम घरच्यांनाच करावे लागेल.

त्याची रीत अवघड नाही. आपल्याकडे पंगतीला मुले आधी बसतात, मग पुरुष, आणि बायका शेवटी, भांड्यांत जे उरले असेल त्यावर. मतांची पंगतही बहुतेक घरांत याच्याइतकीच अन्यायाने बसते : वडीलधाऱ्यांनी ‘टाकाऊ आहे’ म्हटले की पुढच्यांच्या ताटात वाढावयास काही उरत नाही. तेव्हा हा क्रम उलटा करावा. जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी विचारावे, आणि ‘आवडले’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तरावर न थांबता ‘का बरे?’ असा दुसरा प्रश्न करावा. पहिला प्रश्न नाटकाविषयीचा असतो, दुसरा माणसाविषयीचा.

आणि तो दुसरा प्रश्न विचारताना दूरचित्रवाणी संच बंद करावा. जाहिराती चालू असताना हळू आवाजातील उत्तरे ऐकू येत नाहीत.