आजाऱ्याचे पाच गुण, सेवेकऱ्याचेही पाच

करुणा हा शब्द उच्चारला की बहुधा ध्यानस्थ बुद्धमूर्ती डोळ्यांपुढे येते. मला मात्र विनयपिटकाच्या ‘महावग्गा’तील एक प्रसंग अधिक जवळचा वाटतो. त्यात पाण्याचे भांडे आहे आणि घाण झालेले अंथरूण आहे.

पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. विहारातून फिरताना बुद्धांनी त्याला पाहिले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही का, असे विचारता, आपण इतरांच्या काही उपयोगाचे नाही म्हणून कोणी येत नाही, असे त्याने सांगितले. आनंदाने पाणी आणले. बुद्धांनी ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून बुद्धांनी विचारले, की येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच परस्परांची काळजी घेतली नाही, तर कोण घेणार? एवढ्यावर न थांबता त्यांनी व्यवस्थाही लावून दिली. गुरूने, शिष्याने, सोबत्याने सेवा करावी. यांपैकी कोणीच नसेल, तर ती संघाची जबाबदारी.

‘माझा आता काय उपयोग?’ हे वाक्य दवाखान्यात मी नित्य ऐकतो. रात्री उठावे लागले तर सुनेची झोपमोड होईल, म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचा घोट न घेणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगलाच. पण पाणी कमी पडून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, की त्याच सुनेला रात्री इस्पितळात जागावे लागते.

याच प्रकरणात रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. हितकर तेच करणे, त्यातही प्रमाण ओळखणे, औषध घेणे, वेदना सोसणे हे चार; आणि आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे सेवा करणाऱ्याला खरेखरे सांगणे हा आणखी एक. माझ्या मते हाच सर्वांत अवघड. मी घरी तपासायला गेलो की आजी ‘बरं आहे’ म्हणतात आणि मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला येऊन खरे काय ते सांगते! प्रमाणाचे म्हणाल, तर मधुमेहाची गोळी घेऊन वर कडक उपवास करणारे पथ्याच्या नावाखाली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवून घेतात.

सेवा करणाऱ्याचे गुणही पाचच. औषध नीट देता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस बाळगू नये, आणि अधूनमधून रुग्णाचे मन प्रसन्न करावे. किळसेविषयी डॉक्टर म्हणून एवढेच सांगतो, की ती वाटली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. हातमोजे घाला, खिडकी उघडा; सवयीने ती ओसरते.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात एक सूक्ष्म भेद केला आहे. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू. जवळचा शत्रू म्हणजे शोक, कारण तो करुणेसारखाच दिसतो. अंथरुणाशेजारी बसून अश्रू ढाळणारे पाहुणे आठवून पाहा. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. शोकाने हे काम होत नाही. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा, असेही बुद्धघोष सांगतात. म्हणून सेवा करणाऱ्या सुनांना, मुलींना, वृद्ध पतींना मी आधी त्यांचाच रक्तदाब विचारतो.

आपल्याकडे हे ओझे बहुधा एकाच बाईच्या खांद्यावर असते. परगावचे भाऊ दूरध्वनीवरून सूचना करतात. त्यांनी आठवड्याचे दोन दिवस मागून घ्यावेत. तेही जमत नसेल, तर रात्रीच्या मदतनिसाचा पगार द्यावा. संघाला जे उमगले, ते चार भावंडांना का उमगू नये?

त्याच ‘महावग्गा’त पुढे असाही नियम आहे, की भिक्खू निवर्तल्यावर त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. माझ्या रुग्ण असलेल्या एका आजींनी हा नियम ऐकला असण्याचा संभव नाही. तरीही तीन वर्षे त्यांची वेणीफणी करणाऱ्या धाकट्या सुनेच्या हातात त्यांनी आपल्या पाटल्या स्वतः चढवल्या आणि मला म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही पाहिलंत बरं का. मागाहून वाटणीत जायला नकोत.”