घरची साक्ष

राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला गर्दी असते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वाळून खडखडीत झालेल्या असतात. त्या जाळून वाटीभर राख होते. फादर अंगठा राखेत बुडवतात आणि पुढ्यात येईल त्याच्या कपाळावर क्रूस ओढतात. वाकलेली म्हातारी, दप्तर पाठीला लावलेलं पोर, घड्याळाकडे बघणारा नोकरदार, सगळ्यांना तीच राख, तेवढीच. तू माती आहेस आणि मातीतच जाणार, हे सांगायची ही रीत. मग तो नोकरदार तसाच लोकल पकडतो आणि चर्चगेटपर्यंत डब्यातले लोक त्याच्या कपाळाकडे बघत राहतात.

मजा अशी, की त्याच मिस्सेत वाचायचं शुभवर्तमान ठरलेलं आहे: मत्तयाचा सहावा अध्याय. त्यात येशू सांगतो, की उपास करताना तोंड पाडून बसू नका, उलट तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुमचा उपास कोणाला कळणार नाही. हे ऐकून झालं, की माणसं रांगेत उभी राहून कपाळ काळं करून घेतात. विसंगती इतकी उघडी आहे, की ती कोणाच्या लक्षात आली नसेल असं म्हणता येत नाही. तरी चर्चनं ती शतकानुशतकं तशीच ठेवली आहे, आणि बरंच केलं. कोणी बाहेर पडताच रुमालानं राख पुसतो, कोणी संध्याकाळपर्यंत मिरवतो. पुसणाऱ्याला लाज वाटली की त्यानं येशूचं ऐकलं? ठेवणारा दिखाऊ की धीट? बाहेरून बघणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही.

चारही शुभवर्तमानं चाळली, तर येशूची जीभ कोणावर तापते ते लगेच दिसतं. जकातदार, बदनाम बायका, शोमरोनी यांच्याशी तो मऊ असतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात ज्यांना तो धारेवर धरतो, ती परूशी आणि त्यांच्यासारखी देवाधर्माची माणसं आहेत. पुदिन्याच्या आणि जिऱ्याच्या दशमांशाचा हिशेब चोख, न्याय आणि दया मात्र खात्यावर नाही, अशी तक्रार तो त्यांच्याविरुद्ध मांडतो. इथे परूश्यांच्या बाजूनंही एक शब्द टाकायला हवा. परूशी म्हणजे ढोंगी, हे समीकरण ख्रिस्ती व्यासपीठांवरून इतकं घोटलं गेलं, की तो यहुदी समाजातला शास्त्र मनापासून पाळणारा, लोकांत मान असलेला पंथ होता हेच विसरलं गेलं. येशू रागावला तो चांगल्या माणसांवर. म्हणून तो राग अजून लागू आहे.

दान देताना कर्णे वाजवू नका, असं येशूनं तेव्हा बजावलं होतं; आता फ्लेक्स लागतो. बाकाच्या पाठीवर दात्याचं नाव, पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, सणाच्या जेवणाला यजमानांचा हात जोडलेला फोटो. देवळात आणि दर्ग्यात जे चालतं तेच चर्चमध्ये चालतं. महाराष्ट्राची हवा सगळ्यांना सारखीच लागते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दिखाव्याला आणखी एक दार आहे, ते म्हणजे साक्ष. उपासनेत माणूस उभा राहतो आणि प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं ते सांगतो. यातल्या कितीतरी साक्षी ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालतात. पण साक्षीचा एक साचा बनून गेला आहे: आधी अंधार, मग अमुक दिवशी, अमुक घटकेला उजेड, आणि त्यानंतर सगळं उजेडच. ज्याचा उजेड हळूहळू आला, किंवा येऊन परत गेला, त्यानं काय सांगायचं? तोही बिचारा साच्यात बसवून सांगतो. ढोंग बऱ्याचदा असं, कोणालाही फसवायचा विचार नसताना सुरू होतं.

मराठीतली सर्वांत मोठी ख्रिस्ती साक्ष या साच्यात मुळीच बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आलं. लिहिणाऱ्या बाईंचं शिक्षण बेताचं, जोडाक्षरांशी उभा दावा. आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ते नारायण वामन टिळक म्हणजे कवी, कीर्तनकार, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक, ख्रिस्ती समाजाचे पूज्य पुरुष. एखाद्या शिष्यानं लिहिलं असतं तर संतचरित्र झालं असतं. लिहिलं बायकोनं. तिला माहीत होतं, की हा माणूस रागावला की घर सोडून चालता होतो, हातातला पैसा रस्त्यात भेटेल त्याला देऊन टाकतो, घरात पीठ आहे का याची चौकशी न करता पाहुणे घेऊन येतो. तिनं हे सगळं लिहिलं. रागाचा राग म्हणून आणि विनोदाचा विनोद म्हणून लिहिलं, आणि त्या माणसावरचं आपलं प्रेम कुठे लपवलं नाही.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. ज्या धर्मात खरेपणा शोधायला ते निघाले होते, त्यात त्यांचं पाऊल पडलं ते घरच्या माणसाला अंधारात ठेवून. ख्रिस्ती चरित्रकार हा प्रसंग धैर्याचा म्हणून रंगवतात. तो धैर्याचा होताच. चित्पावन ब्राह्मणानं त्या काळी ख्रिस्ती होणं म्हणजे जिवंतपणी नातलगांना मेल्यासारखं होणं. पण त्या धैर्याची किंमत कोणी मोजली, ते लक्ष्मीबाईंच्या पानांवर दिसतं. वेड लागायची पाळी आलेली ही बाई लहानग्या मुलाला घेऊन नातलगांच्या आधारानं दिवस काढते. नवरा पत्रं लिहितो, ये म्हणतो. ती धर्म बदलायला तयार नसते आणि नवरा सोडायलाही.

शेवटी ती नवऱ्याकडे अहमदनगरला आली ती आपलं सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. हे सोवळं तिला माहेरी लहानपणीच जडलं होतं. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना शुद्धतेचं खूळ लागलं. बाजारातून घरात येईल ती वस्तू धुऊन घ्यायची. त्यातून मीठसुद्धा सुटत नसे. धुतलेल्या मिठाचं काय होतं हे कोणाही बाईला ठाऊक आहे. तरी घरातल्या बायकांनी ते वर्षानुवर्षं केलं. अशा घरातून आलेल्या मुलीला मिशनच्या वाड्यात, महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये, नवऱ्याच्या प्रेमाखातर चहा प्यायला लावता आला असता. टिळकांनी तसं केलं नाही. त्यांनी वाट पाहिली, आणि त्यांच्या उतावळ्या स्वभावात ही वाट पाहणं हीच मोठी तपश्चर्या.

जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी एक दिवस स्वतःलाच विचारला. उत्तर आलं, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम बघण्यासारखा आहे. बहुतेकांचा आधी बाप्तिस्मा होतो आणि जात मनात तशीच राहते. त्यांची आधी जात गेली. पाच वर्षं त्या ख्रिस्ती माणसाच्या पत्नी होत्या आणि ख्रिस्ती नव्हत्या. या पाच वर्षांत एकदाही त्यांनी नसलेली श्रद्धा दाखवली नाही, आणि हीच त्यांची साक्ष.

पंडिता रमाबाईंचंही असंच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. ज्या मठात त्या राहिल्या तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्यावर माया करत आणि सतत रागावतही. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका काढत, अंडं घातलेलं पुडिंग खात नसत, आणि ब्रिटिश बिशपांनी त्यांच्या शिकवण्यावर मर्यादा घालू पाहिल्या तेव्हा त्यांनी तेही मुकाट ऐकून घेतलं नाही. मठाच्या दृष्टीनं हा अहंकार होता. नम्रता म्हणजे वरिष्ठ सांगतील ते मानणं, एवढंच तिथे गृहीत होतं. रमाबाईंनी पत्रातून कळवलं, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता त्याच जातीचं दुसरं जोखड घेणार नाही. हा पत्रव्यवहार छापलेला उपलब्ध आहे. वाचताना आजही सिस्टर जेराल्डिनची थोडी दया येते आणि रमाबाईंचं म्हणणं पटतं.

आणि ज्या बाईला गर्विष्ठ ठरवलं, तिनंच १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं तिच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. हे लिहिताना त्या जगप्रसिद्ध होत्या. अमेरिकेत त्यांच्या नावानं मंडळं निघाली होती, त्यांनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन उभं राहिलं होतं, त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायका आसऱ्याला होत्या. देणगी देणाऱ्या परदेशी भाविकांना असली कबुली रुचेल का, याचा हिशेब एखाद्या चतुर संस्थाचालकानं नक्की केला असता. पुढची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. कमी शिकलेल्या बायकांना कळावं, एवढाच हेतू. १९२२ साली त्या गेल्या. ते बायबल त्यांच्या पश्चात छापून पूर्ण झालं. पंडितांना ते भाषांतर फारसं रुचलं नाही. ते पंडितांसाठी नव्हतंच.

जातीपाशी मात्र भारतीय चर्च अजून अडखळतं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला एका कॅथलिक स्मशानात दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्यामध्ये भिंत घातली गेली. मातीला जाण्याचा संदेश कपाळावर घ्यायचा आणि मातीतही कुंपण घालायचं! २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चच्या आत अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, हे स्पष्ट शब्दांत मान्य केलं. उशिरा केलं, पण केलं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांनीही स्थळं बघताना कोणते प्रश्न हळूच विचारले जातात ते आठवून बघावं. त्या प्रश्नांसाठी कुठल्या परिषदेचं धोरण लागत नाही.

धर्मांतर केलेल्या मराठी माणसावर एक आरोप कायमचा चिकटलेला: पैशासाठी गेला. टिळकांना तो चांगलाच ठाऊक होता. मिशनचा पगार घेणारा देशी उपदेशक कितीही मनापासून बोलला तरी ऐकणारा मनात पगार मोजतो, आणि गोऱ्या मिशनऱ्याच्या मानानं तो पगार केवढासा असतो हे कोणी बघत नाही. शिवाय साहेबी थाटाची उपासना, साहेबी चाली, साहेबावर अवलंबून असलेली मंडळी हे सगळं त्यांना सलत होतं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं सांगणारा हा माणूस. त्यानं अभंग लिहिले, टाळमृदंगात कीर्तनं केली, आणि १९१७ साली मिशनची नोकरीच सोडली. साठीकडे झुकलेलं वय, तब्येत ढासळलेली, साठवलेलं काही नाही. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात चालत. मिशनच्या वहीत बाप्तिस्म्यांचे आकडे भरायचे असतात, त्या वहीत हा दरबार कुठल्या रकान्यात लिहायचा?

हे त्यांना एकाएकी सुचलेलं नव्हतं. अहमदनगरला त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा पोरगा राहून गेला होता; मराठी त्याला बालकवी म्हणून ओळखते. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. तो आला हिंदू, राहिला हिंदू, गेला हिंदू. त्या घरात ख्रिस्तावर अखंड बोलणं चाले, पण कोणाच्या ताटावर बसायची ती अट नव्हती.

दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. मागे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. त्यांनी जेमतेम सुरुवात केली होती. जोडाक्षरं न येणाऱ्या बाईनं ते हाती घेतलं आणि पुढचा बहुतेक सगळा भाग लिहून काढला. १९३६ साली त्याही गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली बाहेर आलं. भक्तीनं ओथंबलेलं, ठरवून पवित्र विषयावर लिहिलेलं ते मोठं काव्य आज अभ्यासकांखेरीज फारसं कोणी उघडत नाही. ‘स्मृतिचित्रे’ मात्र अजून छापलं जातं, आणि ते वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नसतात.