कंडक्टरची पिशवी आणि माझी तीन बोटं

"दिवसभर काय काम करता?" हे मी प्रत्येक रुग्णाला विचारतो. रात्री काय करता, हे सहसा विचारत नाही. माझ्या स्वतःच्या दुखण्याचं उत्तर मात्र या दुसऱ्या प्रश्नात होतं.

गेल्या पावसाळ्यात भाचा म्हणाला, "मामा, तू चित्रं काढायचास ना? आमच्या गेमसाठी काढ की." तो आणि त्याचा मित्र असे दोघेच मिळून घाटातून एसटी नेण्याचा एक छोटा व्हिडिओ गेम बनवताहेत. त्यातली चित्रं पिक्सेल आर्टची. आईचं दोसुतीवरचं भरतकाम आठवा: एक घर, एक रंग. 16 बाय 16, म्हणजे 256 घरांत अख्खा कंडक्टर बसवायचा. डोळा म्हणजे एक ठिपका. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओला मिशी आणि टोपी मिळाली तीही याच अडचणीतून, कारण तोंड आणि केस नीट दाखवायला ठिपकेच पुरत नव्हते.

चालणाऱ्या माणसाला प्रत्येक दिशेची चार चित्रं लागतात. डावीकडचं उलटवून उजवीकडचं करता येतं, पण मग कंडक्टरची चामडी पिशवी खांदा बदलते! म्हणून तीही मी वेगळी काढायला घेतली. रात्री दहा ते एक, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून, माउस घट्ट धरून.

दोन महिन्यांनी पहाटे तीनला जाग येऊ लागली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरलेली. हात झटकला की बरं वाटे. हे तुम्ही सांगितलं असतंत, तर मी अर्ध्या मिनिटात 'कार्पल टनेल' म्हटलं असतं. स्वतःला मात्र 'मानेचं असेल' म्हणालो आणि तपासणी न करताच बी-12 च्या गोळ्या सुरू केल्या. रुग्ण असं करतात तेव्हा मी रागावतो.

मग एक दिवस एका आजींची नाडी पाहिली. मला नियमित वाटली. सवयीने स्टेथोस्कोप लावला, तर ठोके पूर्ण अनियमित. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. माझ्या बधिर बोटांवर विसंबलो असतो तर? त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो, रुग्ण म्हणून.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. त्यात नऊ कंडरा आणि मीडियन नावाची नस दाटीवाटीने असतात. सूज आली की नस दाबली जाते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून या आजारात करंगळी सहसा शाबूत राहते. घरच्या घरी कळणारी ही चांगली खूण आहे.

नसेच्या तपासणीत दाब मध्यम निघाला. रक्तात टीएसएचही वाढलेला होता, म्हणजे थायरॉइड मंदावलेली. तीही या नसेवर दाब आणते. मधुमेह आणि गरोदरपणातही हे होतं. संगणकावरचं काम एकटंच याला कारण ठरतं का, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. त्यामुळे माउसला दोष देऊन मोकळं होऊ नका, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपल्यावर मला तीन आठवड्यांत फरक पडला. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होऊ लागला किंवा हातातून वस्तू सुटू लागल्या, तर मात्र पट्ट्यावर थांबू नका. तेव्हा कधी कधी शस्त्रक्रियाच लागते.

आता मी अर्ध्या तासाचा गजर लावून चित्रं काढतो. कंडक्टरची पिशवी एका दिशेला अजून चुकीच्या खांद्यावर आहे. भाचा म्हणतो, "असू दे मामा, कोण बघतंय?"

मी बघतोय ना. पुढच्या रविवारी ती बदलेन.