भूक नाही

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मातृपोषक जातकाची चित्रे आहेत. आंधळ्या आईचा सांभाळ करणारा शुभ्र हत्ती पकडून काशीनरेशाच्या गजशाळेत आणला जातो. समोर उत्तम चारा असूनही तो तोंड लावीत नाही. राजा कारण विचारतो, तेव्हा कळते की रानात आई उपाशी आहे. राजा त्याला मुक्त करतो.

सुटीच्या दिवशी पाहुण्यांना लेणी दाखवायला आलेली एक परिचारिका या चित्रापाशी थबकली. तिच्या वॉर्डातील एका आजींच्या केसपेपरवर तिने सलग तीन दिवस ‘भूक नाही’ अशी नोंद केली होती. ताप, नाडी, रक्तदाब सारे अचूक लिहिले होते. कारण मात्र विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती आजींच्या खाटेवर टेकली. बऱ्याच वेळाने उत्तर मिळाले. सोबत आलेला नातू बाहेर व्हरांड्यात झोपत होता. जेवण विकत घ्यायला पैसे नव्हते. सगळे पांगले की ताटातली पोळी आजी त्याच्यासाठी पदरात बांधीत. भूक होती, सांगण्याचा संकोच होता. त्या दिवसापासून नातवाच्या जेवणाची सोय झाली आणि आजींचे ताट रिकामे होऊ लागले.

परिचर्येच्या संशोधनात अशा अनुभवकथनाला अभ्यासपद्धतीचे स्थान आहे. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकांनी सांगितलेल्या प्रत्यक्ष प्रसंगांचा अभ्यास केला आणि नवशिकेपणापासून नैपुण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या १९८४ च्या आपल्या ग्रंथात मांडल्या. या पद्धतीला शिस्तही आहे. सांगणाऱ्याचे शब्द शक्यतो तसेच टिपावेत, लिहिलेले त्याला वाचून दाखवावे, त्याची संमती घ्यावी, ओळख झाकावी. एका कथेवरून नियम बांधता येत नाही; पण मोजमापाने न विचारलेला प्रश्न ती पुढे आणते. अनेक कथा शेजारी ठेवल्या की त्यांतील समान धागा दिसू लागतो.

परिचारिकेने तो प्रसंग लिहून काढला आणि आजींना वाचून दाखवला. इतर परिचारिकांना सांगू का, असे विचारताच आजी म्हणाल्या, “सांग बाई, पर नाव नको घालू माझं.”

तिने नाव गाळले. ‘भूक नाही’ ही आपली चुकीची नोंद मात्र तिने त्या लेखनात तशीच राहू दिली.