मला चिटणीस व्हायचं होतं

उर्दू कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की वरच्या बाजूला ठळक अक्षरांत एक ओळ असते, जेर-ए-सदारत, आणि पुढे एखाद्या बुजुर्गांचं नाव. त्याखाली मेहमान-ए-खुसूसी, त्याखाली आणखी चार मेहमान. ज्याने हॉल ठरवला, खुर्च्या मागवल्या, माइकवाल्याशी घासाघीस केली आणि प्रेसमध्ये बसून पत्रिकेचा मजकूर तीनदा तपासला, त्याचं नाव सगळ्यात खाली बारीक अक्षरांत. मुशायऱ्यातही तेच. सदर शेवटी कलाम पढतात, तोवर निम्मे लोक घरी जाऊन झोपलेले असतात. रात्रभर मुशायरा ओढून नेतो तो नाजिम. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी घरी येऊन आपण सांगतो काय, तर 'आज आपले चाचा सदर होते'.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. आमच्या भागातल्या भाषाशिक्षकांचं एक छोटं मंडळ आहे. नाव सांगत नाही, कारण मंडळ अजून चालू आहे आणि मला तिथेच काम करायचं आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतले शाळांचे आणि ज्युनिअर कॉलेजचे शिक्षक त्यात आहेत. कुणी पीएच.डी. करतंय, कुणी केलेली आहे, कुणी नुसतंच हौसेनं बोलीचे शब्द गोळा करतंय. ज्युनिअर कॉलेजच्या माणसाला संशोधनासाठी कोण रजा देतो आणि कोण पैसे देतो? म्हणून आपापसात वर्गणी काढून वर्षातून एक चर्चासत्र घ्यायचं, वीसेक निबंध वाचायचे, एक पुस्तिका काढायची, एवढाच व्याप.

तीन वर्षांपूर्वी कार्यकारिणी बदलायची होती, तेव्हा मला फोन आला. 'मॅडम, तुम्हाला उपाध्यक्ष करतोय, नाही म्हणू नका.' तीन उपाध्यक्ष असतात. रीत अशी की एक धुळ्याकडचा, एक महिला आणि एक, त्यांच्या शब्दांत, 'तुमच्या समाजातला'. मी धुळे जिल्ह्यातली, बाई आणि मुसलमान. एका नावात तिन्ही हिशेब मिटत होते. फोन करणाऱ्या सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना खरंच मान द्यायचा होता. मी म्हटलं, 'सर, उपाध्यक्ष नको. चिटणीसपद रिकामं आहे, ते द्या.' ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'अहो, त्यात फार काम असतं. जळगावला यावं लागतं.' मी म्हटलं, 'एसटी जाते की, सर. पारोळा, एरंडोल, जळगाव. नव्वदेक किलोमीटर तर आहे.'

चिटणीस हा शब्द मी वर्गात दरवर्षी फोडून दाखवते. चिठ्ठी आपली इथली, आणि 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. फडणीस म्हणजे फर्द-नवीस, पारसनीस म्हणजे फारसी-नवीस. खजिनदारातला खजिना अरबी आणि 'दार' फारसी. मुलांना गंमत वाटते की मंडळाच्या कार्यकारिणीत अध्यक्ष तेवढा संस्कृतातून आला, कामाची माणसं आमच्या बाजूनं आली. आणि 'सदर' हा शब्द तर मराठीत येऊन भलतीकडेच गेला. उर्दूत तो अध्यक्ष, मराठी इतिवृत्तात मात्र 'सदर ठराव एकमताने मंजूर' म्हणजे वर सांगितलेला ठराव. ही गंमत झाली. पण राज्य असो की मंडळ, लिहिणाऱ्याशिवाय ते चालत नाही हे जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी लिहिणाऱ्यांना इतकी वेगवेगळी नावं दिली.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. 1903 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दू सुरू झाली. पहिले अध्यक्ष थॉमस आर्नल्ड, पहिले सेक्रेटरी शिबली नोमानी. आर्नल्ड मोठा विद्वान होता, पण अंजुमनचं नाव घेतल्यावर कुणाला आर्नल्ड आठवतो? आठवतात ते मौलवी अब्दुल हक. ते 1912 साली सेक्रेटरी झाले. तेव्हा निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, औरंगाबादला. अंजुमनचं दफ्तर त्यांनी आपल्याबरोबर तिथेच आणलं. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढला की पुढे तेच शहर. तिथून त्यांनी 1921 पासून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक काढलं, जुनी हस्तलिखितं शोधून छापली, शब्दकोशाचं काम उभं केलं. मोठा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली बाहेर आला. अध्यक्ष येत-जात राहिले. 'बाबा-ए-उर्दू' म्हणून लोकांनी हाक मारली ती सेक्रेटरीला.

आणि धुळ्यात? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1910 साली पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीनं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे त्या मंडळाशी त्यांचं पटेना. त्यांचा स्वभाव बघता आणखी कुणाशी पटलं असतं असंही वाटत नाही. शेवटची वर्षं ते धुळ्यात होते आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच गेले. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी 1927 मध्ये, शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट यांच्यासारख्या धुळ्याच्या माणसांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून गोळा केलेले कागद तिथे ठेवले गेले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्यांनी बावीस खंड काढले, ते कशातून? कुणा कारकुनानं, कुणा चिटणिसानं लिहून दप्तरात बांधून ठेवलेल्या पत्रांतून. त्या पत्रांतल्या मराठीत फारसी किती आहे, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. राजवाड्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. कितीतरी पटत नाहीत. पण एकटा माणूस कितीही प्रचंड असला तरी त्याच्यामागे कागद सांभाळायला एक मंडळ लागतं, आणि मंडळाला कपाटाची किल्ली सांभाळणारा एक माणूस लागतो. त्या मंडळाची आता शंभरी येऊन ठेपली.

अध्यक्षपदाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 1936 साली जळगावला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष माधव ज्युलियन होते. फारसीचे प्राध्यापक, 'फारसी-मराठी कोश' करणारे. खान्देशात फारसीचा माणूस मराठीच्या खुर्चीवर बसला होता, हे मी उर्दू शाळेतल्या मुलांना आवर्जून सांगते. (ते पुढे मराठीतून फारसी शब्द काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूचे होते, हे दहावीच्या वर्गालाच सांगते, आठवीला नाही.) 1990 साली पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण झाले. संतसाहित्याचा एवढा मोठा अभ्यासक. आमच्यासारख्यांच्या घरी त्या वर्षी वर्तमानपत्र जपून ठेवलं गेलं. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही झालं. खुर्चीवर आपला माणूस दिसण्यानं पोरांच्या मनात काहीतरी हलतं, ते मी नाकारत नाही. पण ती खुर्ची तीन दिवसांची असते. चौथ्या दिवशी मांडववाला येतो.

मी चिटणीस झाले. कपाट उघडलं तर आत एक इतिवृत्ताची वही, तीन अर्धवट पावतीपुस्तकं, पुस्तिकांचे न उघडलेले गठ्ठे आणि एक शाल-श्रीफळातली उरलेली शाल. मंडळाची नोंदणी दोन्हीकडे, म्हणजे 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. त्या दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्याकडे मागच्या दोन कार्यकारिणींचा दिलाच नव्हता. शेड्यूल वनचा उतारा काढला तर त्यावर जे अध्यक्ष होते त्यांच्या शोकसभेला मी स्वतः गेले होते. कायद्याच्या कागदावर मंडळ अजून मरहूम सरच चालवत होते! बँकेनं सह्या बदलून द्यायला नकार दिला, आणि बँकेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिलं वर्ष त्यातच गेलं. जुन्या सभांच्या नोटिसा, हजेरीच्या सह्या, राजीनामे, संमतीपत्रं. एका माजी सभासदाची सही घ्यायला मी चाळीसगावला दोनदा गेले. ज्या मंडळांचं असं काही अडलं असेल त्यांनी एक करावं, नवी माणसं निवडली त्याच दिवशी, त्याच सभेत, त्यांची संमतीपत्रं घेऊन टाकावी. चहा द्यायच्या आधी. चहानंतर कुणी सापडत नाही.

पण ज्यासाठी मला हे पद हवं होतं ते यात नव्हतं. चर्चासत्राला निबंध येतात ते चिटणिसाकडे. समितीपुढे काय ठेवायचं, कुणाला सुधारून पाठवा म्हणून कळवायचं, आवाहन कुठपर्यंत पोचवायचं, हे सगळं त्याच्या हातात. मंडळाच्या आधीच्या पाच पुस्तिका मी चाळल्या. संतवाङ्मय होतं, बहिणाबाई होत्या, अहिराणीच्या म्हणी होत्या. उर्दू माध्यमातल्या मुलांच्या मराठीवर एकही निबंध नव्हता. कुणी नाकारला होता असं नाही. आलाच नव्हता, कारण आवाहनाचं पत्र उर्दू शाळांना जातच नव्हतं. पत्त्यांच्या यादीत त्या शाळा नव्हत्या. ही यादी कोण करतं? चिटणीस.

यादीत मी जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथल्या उर्दू शाळा घातल्या. पहिल्या वर्षी एकच निबंध आला. एका तरुण शिक्षकाचा, नुसती चार पानं. विषय होता, मुलं 'माझी पुस्तक' असं का लिहितात. उर्दूत किताब स्त्रीलिंगी. उर्दूत लिंगं दोनच, मराठीत तीन. घरात उर्दू बोलणाऱ्या मुलाला नपुंसकलिंग नावाची तिसरी खोली घरात आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून ते पुस्तकाला किताबच्या खोलीत नेऊन बसवतं. त्याने आपल्या वर्गातल्या वह्यांतून अशी वाक्यं उतरवून आणली होती. पानी-पाणी, दूध, घर, झाड, एकेक शब्द घेऊन मूल कुठे अडतं आणि कुठे नाही ते दाखवलं होतं. समितीतल्या एकांनी विचारलं, 'हे संशोधन आहे की तक्रारवही?' यावर अर्धा तास वाद झाला. निबंध घ्यायचं ठरलं, आणि मी इतिवृत्तात दोन्ही बाजू नावानिशी लिहिल्या. 'चर्चेअंती एकमताने' असं लिहिण्याची जुनी सवय मी मोडली. ते सर काही दिवस माझ्यावर नाराज होते. मग त्यांनीच एकदा फोन करून विचारलं की अहिराणी बोलणारी मुलं तेच शब्द कसे लिहितात ते कुणी पाहिलंय का.

आता घटनेप्रमाणे माझी मुदत संपत आली आहे आणि मला ती वाढवायची नाही. अब्दुल हकांबद्दल मनात कितीही अदब असली तरी एकच माणूस इतकी वर्षं सेक्रेटरी असणं हे कुठल्याही संस्थेचं चांगलं लक्षण नाही. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि इथल्या अंजुमनला अलीगढमध्ये काजी अब्दुल गफ्फार यांच्या हाताखाली जवळजवळ नव्यानं घडी बसवावी लागली. अमेरिकेत प्राध्यापक-संशोधकांच्या बऱ्याच संघटनांत एक पद्धत आहे. पुढचा अध्यक्ष वर्षभर आधी निवडतात, तो शेजारी बसून शिकतो, मग अध्यक्ष होतो, आणि पायउतार झाल्यावरही एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून समितीत राहतो. आपल्याकडे ही सोय अध्यक्षापेक्षा चिटणिसासाठी हवी, असं मी कार्यकारिणीपुढे मांडलं. सहचिटणीस म्हणून कुणीतरी वर्षभर माझ्यासोबत बसावं. सगळ्यांनी मान डोलावली. नाव कुणी सुचवलं नाही.

मी त्या लिंगाच्या निबंधवाल्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, 'आपा, सहचिटणीस म्हणजे फार पळापळ. त्यापेक्षा उपाध्यक्ष करा ना, तेवढं जमेल. अम्मींनाही बरं वाटेल, पत्रिकेत नाव वर येतं.' मी हसले. म्हटलं, 'अम्मींना माझा सलाम सांग. आणि रविवारी धुळ्याला ये, वर्गणीचं पावतीपुस्तक तुझ्याकडे देते. पदाचं मग बघू.'

तो आला. अडीच तास बसला. पावतीची स्थळप्रत कुठली आणि सभासदाला द्यायची कुठली, एवढं समजून घेतलं, चेंज रिपोर्टची फाइल उघडली आणि पहिल्याच पानावरची माझी एक तारीख तपासायला घेतली.