शीण

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील मिंट स्ट्रीटला कंपनी सरकारच्या टाकसाळीवरून नाव पडले. तमिळमध्येही तो ‘तंगसालै’, म्हणजे टाकसाळच. टाकसाळ गेली, सोन्याचांदीचा व्यवहार राहिला. लगतच्या साहुकारपेठेत, सराफी दुकानांमागच्या बोळांतून, सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून आलेली माणसे गलाईचा धंदा करतात. जुने दागिने, मोड वितळवून त्यांतला निखळ धातू वेगळा काढणे हे त्यांचे काम.

पन्नाशीच्या आतबाहेरचा असा एखादा गलाईवाला सकाळी उठतो तोच थकलेला. झोपेने शीण जात नाही. मनगटे, गुडघे ठणकतात, पोटात मधूनच कळ उठते. वात आहे, वय झाले, हवा मानवत नाही, अशी उत्तरे घेऊन तो दवाखान्यातून परततो. गावाकडच्या पाहुण्यांना थंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकांबाळच्या देवळात नेऊन, १६७७ साली शिवाजी महाराज येथे दर्शनास आले होते ही आख्यायिका तो हौसेने सांगतो. स्वतःच्या सांध्यांविषयी मात्र चकार शब्द काढीत नाही. दुखणे सांगणे म्हणजे धंदा बसत चालल्याचे सांगणे.

अशा शिणाची मुळे अनेक असू शकतात. रक्तात लोह कमी असेल, अवटू ग्रंथी मंदावली असेल. चिकुनगुन्याही असेल. १९६४ साली मद्रासमध्ये त्याची मोठी साथ आली होती, १९७३ साली बार्शीला. २००६ मध्ये तो दक्षिणेत आणि महाराष्ट्रात पुन्हा फैलावला. आफ्रिकेतील मकोंदे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी ‘वाकवणारा’. ताप काही दिवसांत उतरतो. काहींचे सांधे मात्र महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे धरलेले राहतात. हे सारे तपासलेच पाहिजे. पण गलाईच्या खोलीत आणखी एक संशयित बसलेला असतो, आणि त्याच्याकडे कोणाची नजर जात नाही.

चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत तिच्यात शिसे घालतात. भट्टीत ते हिणकस धातूंना आपल्यात ओढून घेते. त्याचा काही अंश धुरात आणि धुळीत उतरतो. त्याच खोलीत जेवणाचा डबा उघडतो. सदऱ्याबरोबर ती धूळ घरी, पोराबाळांपर्यंत जाते. सोने काढताना नत्राम्लाचा तांबूस वाफारा घशाला झोंबतो, त्यामुळे माणूस निदान तोंड फिरवतो. शिशाला वास नाही. ते रक्त घडण्यात अडथळा आणते, मज्जातंतूंना दुबळे करते आणि कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत शिरते. तेथे त्याचा मुक्काम दशकांचा. धंदा सोडून विट्याला परतलेल्या म्हाताऱ्याच्या रक्तातही ते हाडांतून झिरपत राहते. नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. वेगळी तपासणी मुद्दाम सांगावी लागते, आणि ती सांगायला रोग्याचा धंदा आधी ठाऊक असावा लागतो.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कष्टकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांच्या जुन्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? गर्दीच्या दवाखान्यात आजही नेमका हाच प्रश्न राहून जातो. विचारलाच, तर गलाईवाला ‘सोन्याचे काम’ एवढेच सांगतो. त्यात खोटे काही नाही. पण सोने ऐकल्यावर शिसे कोणाच्या मनात येणार?

भट्टीपाशी हल्ली त्याचा पुतण्या बसतो. वय एकोणीस. त्याचे अजून काही दुखत नाही.