आधी उंट बांधू या

गर्दीच्या ठिकाणी वैद्यकीय सोय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ॲम्ब्युलन्स आणि ओआरएसची पाकिटं ठेवलेलं टेबल येतं. जलसा असो, उरूस असो की हरिनाम सप्ताह, आयोजक तेवढंच ठरवतात आणि मोकळे होतात. मला वाटतं, माणसं वाचणार की नाही हे त्या टेबलाच्या बरंच आधी ठरलेलं असतं. कार्यक्रमाची तारीख आणि वेळ ठरते तेव्हा, मांडव कुठपर्यंत टाकायचा हे ठरतं तेव्हा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो श्रीसदस्य आले होते, कित्येक जण पहाटेपासून बसून होते. मंचावर सावली होती, समोरच्या लोकांच्या डोक्यावर ऊन होतं. १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. आम्हा खानदेशी माणसांना हा आकडा किरकोळ वाटतो, कारण जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात ४५ अंशांचं कुणाला नवल नाही. पण समुद्राजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात तासन्‌तास उघड्यावर बसणं आलं. मग ३८ अंशही पुरे होतात.

पुढच्याच वर्षी, जून २०२४ च्या हजमध्ये, मस्जिद-ए-हरामजवळ पारा ५१ अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने १३०१ मृत्यू जाहीर केले. त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या आपल्या माणसाची काळजी घर सोडण्याआधीच सुरू होते. तब्येतीची तपासणी होते, मेंदुज्वराची लस टोचली जाते. तिकडे तंबू, बस आणि दवाखान्यात त्याची जागा धरलेली असते. परवाना नसलेल्यांना यातलं काही मिळालं नाही, ते भर उन्हात लांबलांब चालत राहिले. नियम मोडणं चूकच, पण उष्माघात कागदपत्रं तपासत नाही.

खारघर आणि मक्का, दोन्हीकडे डॉक्टर होते, ॲम्ब्युलन्स होत्या. तरीही माणसं गेली, कारण सावलीचा हिशेब करताना त्यांना धरलंच नव्हतं.

हे लांबचं नाही. आमच्या धरणगावशेजारी अमळनेरला वैशाखाच्या उन्हात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. बकरी ईद गेली काही वर्षं मे-जूनमध्ये येते आहे. लग्नं आणि जलसे तर आपण शाळेच्या सुट्ट्या बघूनच ठरवतो, म्हणजे नेमके उन्हाळ्यात.

अशाच एका जलशाच्या तयारीला मी बसलो होतो. बायकांचा इज्तेमा जोहरनंतर ठेवला होता. मी विचारलं, त्यांच्यासाठी संडासाची काय सोय? बैठक गप्प झाली. मग एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टर साब, आप तो दवाखाने का बोलने वाले थे ना?" मी म्हटलं, "चाचा, हे दवाखान्याचंच आहे." आपल्या आया-बहिणी घराबाहेर पडताना पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. पाणी नाही म्हणून चक्कर, चक्कर आली म्हणून ॲम्ब्युलन्स. त्यापेक्षा शेजारच्या शाळेचं कुलूप उघडणं स्वस्त आहे.

त्यावर, "अल्लाह मालिक है," असं कुणीतरी म्हणालं. मालिक आहेच. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असं विचारणाऱ्याला आपल्या रसूलांनी आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर, असं सांगितलं होतं. ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. मग बैठकीत ती का आठवू नये? शेवटी वेळ असरनंतरची झाली आणि शाळेची चावी मिळाली. बायकांच्या बाजूचा मांडव मात्र लहानच राहिला. पैसे संपले, असं सांगितलं गेलं.

वाटेचंही तसंच आहे. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून जास्त भाविक गेले. अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, घाटाचा रस्ता. अशा ठिकाणी मदत पोहोचणार कुठून? आपल्याकडे मिरवणुकीच्या दिवशी मोटारसायकली आडव्या लावून गल्ली बंद होते. १०८ ला फोन लागेल, गाडी निघेलही, पण ती चौकातच अडकेल. जळगावचं मोठं सरकारी रुग्णालय इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, आपल्याच चौकात पाव तास घालवणं परवडणारं नाही. एक रस्ता मोकळा ठेवायचा आणि त्यावर दोन दणकट पोरं उभी करायची, याला खर्च काहीच नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला यायला हवी. उन्हात कुणी बरळू लागला, ओळख विसरला, कोसळला, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका. पहिल्या काही मिनिटांत अंग थंड झालं तर माणूस वाचण्याची आशा खूप वाढते.

मोहर्रममध्ये आपली पोरं सबील लावतात, किती मायेने शरबत पाजतात! बर्फाची लादी तिथे असतेच, पाणी असतं, पोरांची उमेदही असते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आधी एक तास बोलावून एवढं शिकून घेतलं, तर तीच सबील एखाद्याचा जीव वाचवेल. मग तो ताजियामागे चालणारा असो, नाहीतर यात्रेहून परतणारा.